निळ्या झालेल्या फिती

टक्.

ओर्सोला आत्याने वाडग्याच्या कडेवर अंडं आपटलं आणि तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. बाबा टेबलावरच्या कागदाकडे बघत होते, मी बाबांकडे, आणि माझी पाच वर्षांची तेक्ला आळीपाळीने आम्हा सगळ्यांकडे.

“बघत बसून तो कागद काही उठून परत जायचा नाही,” आत्या म्हणाली, आणि पिठाच्या खळग्यात दुसरं अंडं सोडलं.

कागद बिशपांकडून आला होता. फादर सिल्व्हेरियो नावाचे एक तरुण, शिकलेले पाद्री यंदा आसपासच्या गावांतली चर्चं तपासत फिरत होते. दिव्यात तेल आहे का, वेदीवरचं कापड कुठे विरलंय का, हे बघायचं त्यांचं काम. आमच्याकडे त्यांना दिवा ठीक दिसला, कापडही ठीक दिसलं. चित्र ठीक दिसलं नाही.

ते चित्र म्हणजे आमच्या चर्चच्या डाव्या वेदीवरची ‘भेट’. मरियाला दिवस गेलेत, आणि ती डोंगर ओलांडून नात्यातल्या म्हाताऱ्या एलिझाबेथला भेटायला आलीय. एलिझाबेथही उतारवयात गरोदर. दाराच्या पायरीवर दोघी समोरासमोर उभ्या आहेत. अशी चित्रं गावोगावी आहेत, पण त्यांतल्या दोघी इतक्या कपड्यांत गुंडाळलेल्या असतात की थंडी वाजते म्हणून जवळ आल्यात असं वाटावं. आमच्या मरियाचा निळा झगा वाऱ्याने मागे गेलाय, आतला तांबडा पोशाख पोटावर ताणून बसलाय, आणि एलिझाबेथने आपला सुरकुतलेला हात सरळ त्या पोटावर ठेवलाय. सुईण ठेवते तसा. बोटं पसरून, जरासा दाबून.

हुकमात म्हटलं होतं की हे शास्त्राला धरून नाही. शुभवर्तमानाप्रमाणे त्या भेटीच्या वेळी एलिझाबेथला सहावा महिना होता आणि मरियाला जेमतेम काही दिवस झाले होते. तेव्हा मरियाचं पोट दिसायचं कारणच नाही. शिवाय देवाच्या आईचा देह असा दाखवणं शोभत नाही, आणि गावातल्या बायका तिथे हात लावतात हे तर फारच वाईट. म्हणून झगा पुढून मिटवावा, पोट आणि त्यावरचा हात दोन्ही झाकावं, आणि हे भेटीच्या सणाआधी, म्हणजे दोन जुलैच्या आत व्हावं. ज्या हाताने चूक केली त्याच हाताने ती दुरुस्त करावी. नाहीतर चित्र उतरवून नेलं जाईल, आणि त्या चित्रकाराला या मुलखातल्या एकाही चर्चचं काम मिळणार नाही.

चित्राच्या कोपऱ्यात नाव बाबांचं होतं, एर्कोले. काढलं होतं माझ्या आईने.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कोणी कधी विचारलं नव्हतं. माझी आई कासांद्रा बोलोन्या शहराची. तिथे बाईने ब्रश धरला तर कोणी वळून बघत नाही. आमच्या गावात बघतात. लग्न होऊन आली आणि बाबांच्या नावाखाली काम करू लागली. या चित्राचं काम आलं तेव्हा मी तिच्या पोटात होते. समोर आरसा लावून ती स्वतःकडे बघत मरिया रंगवायची. चित्राला उशीर होत गेला, मी वाढत गेले, आणि मरियाचं पोट तिला तीनदा मोठं करावं लागलं. सकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं तर आधीच्या दोन रेषा अजून दिसतात. शास्त्रातला महिन्यांचा हिशेब तिला ठाऊक नव्हता असं नाही. आमचे फादर तादेओ तेव्हाच तिला म्हणाले होते की बाई, मरियाला एवढ्यात एवढं पोट कुठून आलं? आई म्हणाली म्हणे, आता आलंय ते आलंय, परत आत कसं ढकलू?

तर त्या तांबड्या कापडाखाली मी आहे. लहानपणी मला त्याचा भलता ताठा होता. मैत्रिणींना घेऊन जायचे आणि बोट दाखवून सांगायचे, ती मी. माझ्या सातव्या वर्षी आई गेली, दुसऱ्या बाळंतपणात, बाळासकट. त्यानंतर मी एकटीच जायला लागले.

बायका तिथे हात लावतात हे फादर सिल्व्हेरियोंनी बरोबर हेरलं होतं, पण नुसता हात लावत नाहीत. सणाच्या दिवशी, जिच्या घरात कोणी गरोदर आहे ती बाई सुती फीत घेऊन येते. दाराशी पवित्र पाण्याच्या कुंडीत ती फीत भिजवायची, मरियाच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत पोटावरून दाबत न्यायची आणि तेवढीच कापायची. कळा सुरू झाल्या की ती मापाची फीत बाळंतिणीच्या पोटाभोवती बांधतात. ओर्सोला आत्या गावची सुईण. बांधायचं काम तिचंच.

बाबांचं म्हणणं पडलं की झाकून टाकू या. त्यांचे हात दोन वर्षांपासून कापतात, पेलाही दोन्ही हातांनी धरावा लागतो. म्हणजे झाकायचं काम माझ्यावरच येणार होतं. मी म्हटलं, बाबा, तेलरंगाने एकदा झाकलं की संपलं, खरवडायला जाल तर खालचंही निघेल. ते म्हणाले, चित्र तरी जागेवर राहील. त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्या चित्रांच्या कारखान्याला चर्चशिवाय दुसरं काम काय? माझा नवरा समुद्रावरून मीठ आणायला खेचरं घेऊन गेला की तीन-तीन महिने परत येत नाही. मला सातवा लागला होता. बाबांनी हे सगळं बोलून दाखवलं नाही, फक्त माझ्या पोटाकडे बघितलं. मला तेच जास्त लागलं.

आत्या कणीक आपटत होती. “तिने काढलं तेव्हा तू आडवा आला नाहीस एर्कोले,” ती म्हणाली, “हे तुझं एक चांगलं काम होतं. ते तरी राहू दे.”

बाबा उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तेक्ला झोपल्यावर, मी टोपलीत लसणाचे चार गड्डे, चिकटवायच्या सरसाची वडी, एक भांडं आणि नीळ घेतली आणि चर्चमध्ये गेले. ज्याने तेलरंगात काम केलंय त्याला हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगते. रोगणावर, म्हणजे चित्रावरच्या चकचकीत थरावर, पाण्याचा रंग धरत नाही, तेलावरून ओघळून जातो. पण रोगणावर लसूण चोळला तर धरतो. आणि तेलात न कालवता सरसाच्या पाण्यात कालवलेला रंग वाळला की अगदी घट्ट दिसतो, हाताला लागत नाही, कपड्याला लागत नाही. ओल लागेपर्यंत.

मी शिडीवर चढून मरियाच्या खांद्यापासून पोटापर्यंत लसूण चोळत असताना बाबा आले. खाली उभं राहून बराच वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं रंगात काढलेला माणूस. लसूण कशाला, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. आता ओरडतील, ओढून खाली उतरवतील, असं वाटत होतं. ते फक्त म्हणाले, “लसूण जास्त होतोय,” आणि शिडी धरून उभे राहिले. शिडीसुद्धा त्यांच्या हातांबरोबर थरथरत होती.

तीन दुपारी लागल्या. मी झगा पुढे ओढला, चुण्या घातल्या, एलिझाबेथचा हात चुणीखाली गेला. झगा चांगला जमला, हे मला सांगायला लाज वाटते. शेवटची चुणी घालताना आतून लाथ बसली. मी म्हटलं, थांब, तुझं नाही झाकत.

मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत धुण्याच्या घाटावर पोचलं असतं आणि घाटावरून फादर सिल्व्हेरियोंच्या कानावर. त्यामुळे घाटाने मला वाळीत टाकलं. मेंगा म्हणून आमच्याकडची थोरली धोबीण आहे, तिच्या शब्दावर घाट चालतो. तिची मुलगीही तेव्हा माझ्याइतक्याच महिन्यांची गरोदर होती. मी धुणं घेऊन गेले तर मेंगाने आपली धुण्याची फळी जरा बाजूला सरकवली, जणू माझ्या कपड्यांचं पाणी तिच्या कपड्यांना लागेल.

“जिनेव्राबाई,” ती म्हणाली, आजवर तिने मला कधी बाई म्हटलं नव्हतं, “आईचं पोट झाकलंत, छान झालं. आता स्वतःचं कधी झाकताय? फार दिसतंय.”

बायका हसल्या. मी तेक्लाचे कपडे पिळले आणि घरी आले. त्या दिवशी खूप रडले, आणि आत्याने विचारलं तेव्हा कांद्याचं नाव सांगितलं. घरात कांदा नव्हता.

सणाच्या आदल्या दिवशी फादर सिल्व्हेरियो आले. चित्रासमोर उभे राहिले, मागे सरकले, डोकं कलतं केलं. पसंत पडलं. आता बघा, म्हणाले, चेहऱ्यांकडे लक्ष जातं. मग जरा पुढे येऊन त्यांनी हुंगलं आणि विचारलं, इथे लसणाचा वास येतो का?

“आमच्या तोंडांचा असेल, फादर,” आत्या म्हणाली. “आम्ही प्रार्थना जवळ जाऊन करतो.”

वृद्ध फादर तादेओ खोकत खोकत बाहेर गेले. ते खोकत होते की काय, ते मी आजही सांगू शकणार नाही.

सणाला सकाळी मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, झाली. मिस्सानंतर रांग लागली, पण दरवर्षीसारखी नव्हती. बायका दाराशीच घुटमळत होत्या. झाकलेल्या मरियावर माप घ्यायचं की नाही हे कोणालाच कळत नव्हतं. फादर सिल्व्हेरियो वेदीजवळ उभे होते, आणि ही जुनी खोड आता आपोआप मोडेल अशा समाधानात असावेत. मी तेक्लाचा हात धरून खांबाशी उभी होते. हातातली माझी स्वतःची फीत मी इतकी चुरगळली होती की तिची दोरी झाली होती. बायका अशाच परत गेल्या असत्या तर तो झगा मरियाच्या अंगावर कायमचा राहिला असता, आणि तो मी घातला होता.

मेंगा आधी पुढे झाली. तिने कुंडीत फीत बुचकळली आणि वेदीच्या पायऱ्या चढून, मरियाचा झगा जिथे पुढे आला होता तिथेच ती दाबली. पोट कुठे आहे ते तिला डोळे मिटूनही माहीत होतं. छातीपासून गुडघ्यापर्यंत फीत दाबत नेली आणि उचलली.

फीत निळी झाली होती. झग्यावर बोटभर रुंद पट्टा पुसला गेला होता, आणि त्यातून तांबडं दिसत होतं.

मेंगाने फितीकडे बघितलं. तिने तीस वर्षं लोकांच्या चादरींना नीळ दिलीय. पक्का रंग कुठला आणि कच्चा कुठला, हे तिला वासावरून कळतं. मग तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. ती पुन्हा खाली आली, पुन्हा फीत कुंडीत बुडवली, या वेळी चांगली ठिबकेपर्यंत, आणि पुन्हा वर गेली.

मग दाराशी कोणी घुटमळलं नाही. एकीच्या मागे एक. ज्यांच्या घरी कोणी गरोदर नव्हती त्यांनीही डोक्यावरचे रुमाल सोडले आणि भिजवले. माझ्या तीन दुपारी त्यांनी अर्ध्या तासात पुसून काढल्या. आधी तांबडा पोशाख आला, मग एलिझाबेथचं मनगट, मग एकेक बोट. खालचा एक थेंबही हलला नाही. आईचं रोगण तसं होतं.

फादर सिल्व्हेरियोंना काय चाललंय ते कळायला थोडा वेळ लागला, कारण रांग शांत होती आणि सगळ्या जणी प्रार्थना पुटपुटत होत्या. कळलं तेव्हा ते पायऱ्यांवर आडवे उभे राहिले आणि त्यांनी बाबांना हाक मारली. आवाज चढवला नाही. ते म्हणाले, हा चावटपणा आहे, पण मी तुमच्या वयाकडे बघून एक संधी देतो. उद्याच्या उद्या हे तेलरंगाने झाका. ज्या हाताने चूक केली त्याच हाताने.

बाबा पुढे गेले. मला वाटलं, आता हो म्हणतील. त्यांचे दोन्ही हात कापत होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

“ज्या हाताने हे काढलं तो हात दफनभूमीत आहे, फादर,” ते म्हणाले. “उजव्या भिंतीलगत, तिसरी कबर. कासांद्रा तिचं नाव. तिला जाऊन सांगा.”

फादर सिल्व्हेरियोंनी चित्राच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मग हे नाव कोणाचं?

“माझं. ते खोटं आहे. तेवीस वर्षं खोटं आहे.”

एवढं बोलून बाबा बाकावर बसले. आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी तेक्लाचा हात सोडला आणि पुढे गेले. काय बोलायचं ते मी आदल्या रात्रीपासून जुळवलं होतं, लांबलचक, शास्त्रातल्या वचनांसकट. त्यातलं काही आठवलं नाही.

“झगा मी घातला होता,” मी म्हटलं. “पुन्हा घालणार नाही.”

“मग चित्र उतरेल,” ते म्हणाले.

“उतरवा,” मेंगा मागून म्हणाली. “पण रांग संपू द्या, फादर. बाया पोटुशा आहेत, त्यांना ढकलून जायचं का तुम्हाला?”

आणि रांग संपली नाही. जिचं माप झालं ती खांबामागून फिरून पुन्हा शेवटी जाऊन उभी राहायची. कोणी तोंड वर करून बोललं नाही, कोणी वाट अडवली नाही. दुपारची घंटा झाली, रांग होतीच. कोणीतरी पाव आणि चीज आणलं, ते रांगेतच वाटलं गेलं. एक तुकडा फादर सिल्व्हेरियोंनाही दिला, आणि भुकेपोटी त्यांनी तो घेतला. मला त्या क्षणी त्यांची थोडी दया आली. पंचवीस-सव्विसाचे असतील. पुस्तकातलं सगळं बरोबर वाचलेलं होतं त्यांनी. महिन्यांचा हिशेब त्यांचाच खरा होता.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी फादर तादेओंना बाजूला घेतलं आणि परतीच्या लांब वाटेचा विचार करून निकाल दिला. चित्र तूर्त राहील, पण त्याच्यावर जाड पडदा लागेल, आणि तो सदैव ओढलेला असेल. एर्कोलेला कुठल्याही चर्चचं काम मिळणार नाही. त्याच्या मुलीलाही नाही. ते घोड्यावर बसून गेले. त्यांच्या हाताला निळा डाग लागला होता, तो त्यांनी पाहिला की नाही, माहीत नाही.

पडदा आला. चांगला, जाड, तपकिरी लोकरीचा. आठवडाभर लागलेला होता. मग मेंगाला दिसलं की त्याच्यावर मेणाचा डाग पडलाय, आणि देवाच्या घरात डागाळलेलं कापड बरं दिसत नाही म्हणून ती तो धुवायला घेऊन गेली. त्यानंतर बिशपांकडून कोणी विचारायला आलं की फादर तादेओ खरं तेच सांगतात, पडदा धुवायला गेलाय. अजून वाळायचाय.

हुकमाचा दुसरा भाग मात्र खराच झाला. बाबा आणि मी आता दुकानांच्या पाट्या रंगवतो, पेट्यांवर फुलं काढतो, एकदा एका खाटकाच्या दारावर डुक्कर काढलं. बाबा रेघ आखतात, ती वाकडी येते, मी सरळ करते. कोपऱ्यात दोन नावं असतात, त्या डुकराखालीसुद्धा. आणि सणानंतर एका सकाळी बाबा चाकू घेऊन चर्चमध्ये गेले आणि चित्राच्या कोपऱ्यातलं आपलं नाव खरवडून आले. जागा मोकळीच ठेवलीय. तिथे लिहायचं काम माझं आहे म्हणतात, बाळंत होऊन उठलीस की लिही.

घाटावर मेंगाने तिची फळी माझ्या फळीला लावून ठेवली आणि मला फक्त जिनेव्रा म्हटलं. तिच्या मुलीला ऑगस्टच्या शेवटी मुलगा झाला, गुटगुटीत. तिची फीत धुऊन, वाळवून, वेदीच्या कठड्याला बांधलेली आहे. नीळ थोडी राहिलीच, ती मेंगालाही काढता आली नाही. की तिने काढली नाही.

आता माझे दिवस भरलेत. आज दुपारी आत्या आली, माझ्या पोटावर हात ठेवला, बोटं पसरून, जरासा दाबून, आणि म्हणाली उद्या-परवा. मग पेटीतून त्या रांगेत माप घेतलेली माझी फीत काढून खाटेच्या दांडीला अडकवली, वेळेला शोधायला नको म्हणून. तेक्ला खाटेवर चढली आणि तिने ती फीत बोटांवर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“ही तुला बांधणार?”

मी हो म्हटलं.

“म्हणजे तुला काही होणार नाही?”

आत्या मागे उभी होती, ती कपडे घडी करायला लागली. मी म्हटलं, हो, म्हणूनच बांधतात.

तेक्लाने फीत आपल्या छोट्या पोटाला लावून बघितली. ती तिला दोनदा गुंडाळून उरली. तिला चित्रातली मरिया आठवली असावी, कारण तिने विचारलं की आजीने ते पोट काढलं, मग आजीकडेही अशी फीत होती का?

“होती,” मी म्हटलं. “पहिली फीत आजीचीच. आत्याआजीने बांधली होती.”

“दोन्ही वेळेला?” आजी कशी गेली ते तिला माहीत होतं.

“दोन्ही वेळेला.”

तिने फीत नीट घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली, आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “मग?”